उरलेल्या टाइल्सचं अंगणातलं टेबल : कोल्हापूरच्या पावसात टिकवायचं कसं?

कोल्हापुरात कुणाच्याही घरी जा आणि जिन्याखाली, नाहीतर गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागं डोकावून बघा. टाइल्सचा एक अर्धवट बॉक्स तिथं असतोच. घर बांधताना मिस्त्री म्हणालेला असतो, "दहा टक्के जास्तीच्या घ्या, फुटतात." मग सात-आठ टाइल्स उरतात. टाकवत नाहीत, विकल्या जात नाहीत, आणि पुढची दहा वर्षं त्यांच्यावर धूळ बसते.

त्यातूनच एक दिवस डोक्यात येतं, की दारात एखादं टेबल करू. लोखंडी पाय, वर टाइल्स. सकाळचा चहा, रविवारची मिसळ, संध्याकाळी शेजारी आले की गप्पा. ऊन लागू दे, पाऊस पडू दे, टाइलला काय होतंय?

आणि फसगत होते ती इथंच. टाइलला खरंच काही होत नाही. पण पहिला पावसाळा संपता संपता टेबलाच्या कडेची एक टाइल हलायला लागते. दुसऱ्या पावसाळ्यात ती हातात येते आणि खालचं प्लायवूड पावासारखं फुगलेलं दिसतं. टाइल्स फुकट होत्या, पण लोखंड, वेल्डिंग, प्लाय, सिमेंट आणि दोन रविवार, सगळं पाण्यात. शब्दशः पाण्यात.

असं का होतं आणि होऊ नये म्हणून नेमकं काय करायचं, ते बघू.

टाइल म्हणजे छत्री नव्हे

बहुतेकांचा समज असा असतो, की वर टाइल बसवली म्हणजे खाली पाणी जाणार नाही. टाइलमधून पाणी जात नाही हे खरं. पण टेबल काही एकाच टाइलचं नसतं. दोन टाइल्समध्ये जॉइंट असतो, तो सिमेंटच्या ग्राउटनं भरलेला असतो आणि सिमेंट पाणी पितं. हळूहळू पितं, पण पितं. शिवाय चारही बाजूंच्या कडा असतात. जून ते सप्टेंबर रोज थोडं थोडं पाणी या वाटांनी खाली उतरतं. वरची टाइल त्याला पुन्हा वर वाळू देत नाही. म्हणजे ज्या टाइलनं पाणी अडवायचं, तीच आत गेलेलं पाणी कोंडून ठेवते.

ही गोष्ट जुन्या गवंड्यांना पक्की ठाऊक होती. गच्चीवर आधी ब्रिकबॅट कोबा घालायचा, उतार काढायचा आणि मग वर चायना मोझॅकचे तुकडे बसवायचे, ही पद्धत महाराष्ट्रात वर्षानुवर्षं चालत आली. तिथं पाणी अडवण्याचं मुख्य काम कोब्याचं आणि पाणी घालवण्याचं काम उताराचं. वरचे तुकडे उन्हाचा आणि वर्दळीचा मार सोसायला. अंगणातलं टेबल म्हणजे तीन फुटांची गच्चीच समजा. गच्चीला जे नियम, तेच टेबलाला.

कोल्हापूरच्या बाबतीत हे जास्तच लागू. शहरात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पश्चिमेला गगनबावड्याकडं सरकाल तसा तो काही पटींनी वाढत जातो. शिवाय इथला पाऊस एकदा बसला की आठवडाभर ऊन दाखवत नाही, त्यामुळं भिजलेली वस्तू वाळायला सवडच मिळत नाही. त्यात पुराचा भाग वेगळा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पाणी ओसरल्यावर पूरग्रस्त भागात दारोदारी जो ढीग लागला, त्यात फुगलेली कपाटं, उललेले दरवाजे, भुगा झालेले टीव्ही-युनिट होते. लोखंडी आणि दगडी वस्तू मात्र लोकांनी धुतल्या, पुसल्या आणि परत घरात घेतल्या. अंगणातल्या टेबलाचा पाया कशाचा असावा, याचं उत्तर त्या ढिगातच होतं.

कुठली टाइल चालते?

घरात उरलेली प्रत्येक टाइल बाहेर चालेल असं नाही. टाइल उलटी करा, मागच्या बाजूवर चमचाभर पाणी टाका आणि पाच मिनिटं बघत बसा. पाणी तसंच राहिलं तर ती व्हिट्रिफाइड असण्याची शक्यता जास्त. पाणी झरकन शोषून डाग पडला तर ती बाथरूमच्या किंवा स्वयंपाकघराच्या भिंतीची सिरॅमिक टाइल. आंतरराष्ट्रीय वर्गवारीत पहिल्या प्रकारची टाइल आपल्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त पाणी शोषत नाही, भिंतीची टाइल दहा टक्क्यांहूनही जास्त शोषते. भिंतीची टाइल पातळ आणि ठिसूळही असते. तिच्यावर कुकर आदळला की विषय संपला. तिला घरातच राहू द्या.

आज देशात बनणाऱ्या टाइल्सपैकी बहुतांश गुजरातमधल्या मोरबीतून येतात, त्यामुळं दुकान राजारामपुरीतलं असो की गांधीनगरमधलं, माल बहुधा तिथलाच. बॉक्स शाबूत असेल तर त्यावर प्रकार आणि जाडी छापलेली सापडते. जाडी मुद्दाम बघा. हॉलमधल्या तीन आणि बेडरूममधल्या तीन टाइल्स मिळून सहा होतात खऱ्या, पण एक आठ मिलिमीटरची आणि दुसरी दहाची असेल तर टेबलावर पायरी तयार होणार आणि चहाचा कप तिथंच कलंडणार. रंगाचंही तेच. काळी टाइल फोटोत झकास दिसते, पण एप्रिलच्या दुपारी तिच्यावर हात टेकवून दाखवा! उन्हातल्या टेबलाला फिका रंग बरा.

जुना वाडा पाडताना निघालेल्या नक्षीच्या सिमेंट फरश्या कुणाला मिळाल्या असतील तर त्यांचं टेबल देखणं होतं, यात वाद नाही. या फरश्यांना आपल्याकडं मोठा इतिहास आहे. मुंबईतल्या सिधवा कुटुंबानं १९२२ मध्ये भारत टाइल्स सुरू केली ती इंग्लंडहून येणाऱ्या टाइल्सना स्वदेशी पर्याय म्हणून. पण ही फरशी भाजलेली नसते. दाबून घडवलेला सिमेंट तो. ती पाणी पिते, हळदीचा डाग धरते आणि साधारण वीस मिलिमीटर जाड असल्यानं वजनाला टाइलच्या दुप्पट भरते. वापरायची तर वर सीलरचा हात द्यायला लागतो आणि शक्यतो छपराखालीच ठेवावी लागते.

आणि टाइल्स फुटक्याच असतील तर? तरी हरकत नाही. बाळकृष्ण दोशी हे नाव ऐकलं असेल. पुण्यात १९२७ मध्ये जन्मले, घरचा धंदा फर्निचरचा, आणि पुढं २०१८ मध्ये वास्तुकलेतला सर्वांत मोठा समजला जाणारा प्रित्झकर पुरस्कार मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. अहमदाबादेतल्या त्यांच्या 'संगथ' या स्टुडिओची गोल छतं याच चायना मोझॅकनं मढवलेली आहेत. तिकडं बार्सिलोनात गाउदीच्या पार्क ग्वेलमधला लांबलचक वळणदार बाकही फुटक्या टाइल्सचाच. तेव्हा तुकड्यांना कमी लेखायचं कारण नाही. फक्त टेबलावर हात आणि कोपर फिरतात, म्हणून प्रत्येक तुकड्याची धार घासून मारायची आणि सगळे तुकडे एका पातळीत बसवायचे. हे काम दिसतं त्यापेक्षा किचकट आहे. पहिलंच टेबल असेल तर अख्ख्या टाइल्सनं सुरुवात केलेली बरी.

आधी टाइल, मग टेबल

सगळ्यात जास्त चुका मापात होतात. लोक आधी तीन बाय दोन फुटांची फ्रेम करून आणतात आणि मग तिच्यात टाइल्स बसवायला जातात. त्या बसत नाहीत. मग कटर आणा, कडेची पट्टी कापा, एक टाइल फोडा, शिव्या द्या.

उलटं करा. टाइल्स जमिनीवर मांडा. मधे तीन मिलिमीटरचे प्लॅस्टिकचे स्पेसर ठेवा. आणि टेपनं प्रत्यक्ष मोजा, कारण 'एक फुटाची' म्हणून मिळणारी टाइल अचूक एक फूट नसते. समजा टाइल ३०० मिलिमीटरची आहे आणि लांबीत तीन, रुंदीत दोन अशा सहा बसवायच्या आहेत. लांबी झाली तीनदा ३०० अधिक दोन जॉइंट, म्हणजे ९०६. रुंदी दोनदा ३०० अधिक एक जॉइंट, म्हणजे ६०३. आता चारही कडांना फ्रेमपासून चार-चार मिलिमीटर मोकळी जागा सोडा. फ्रेमचं आतलं माप आलं ९१४ बाय ६११. एकही टाइल कापायला लागली नाही.

ही चार मिलिमीटरची जागा कशाला? मे महिन्यात पहाटे आणि दुपारी लोखंडाच्या तापमानात चाळीस अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्यात एवढी फ्रेम जवळपास अर्धा मिलिमीटर लांबते. टाइल त्याच्या निम्म्याच्या आसपास वाढते. फरक दोन-तीन केसांच्या जाडीइतकाच, पण रोज होतो. टाइल लोखंडाला घट्ट भिडलेली असेल तर हा ताण जॉइंटवर येतो, तिथं बारीक चीर पडते आणि पाण्याला दार उघडं मिळतं.

उद्यमनगरात काय सांगायचं?

लोखंडाच्या बाबतीत कोल्हापूरकरांना बाहेर बघायची गरज नाही. शिवाजी उद्यमनगर म्हणजे ऑइल इंजिनं, ओतकाम आणि लेथ मशिनांची पेठ. मोटारीचे सुटे भाग करणाऱ्यांच्या गावात टेबलाची फ्रेम ही किरकोळ गोष्ट. पण किरकोळ असल्यामुळंच ती घाईत होते, म्हणून कागदावर माप काढून द्यावं.

वरच्या चौकटीसाठी २५ बाय २५ मिलिमीटरचा, तीन मिलिमीटर जाडीचा अँगल घ्या. त्याची एक बाजू उभी, दुसरी आतल्या बाजूला आडवी. आडव्या बाजूवर बोर्ड बसतो. मधे आधाराला याच अँगलचे दोन तुकडे. पायांना एक इंची चौकोनी पाइप, दोन मिलिमीटर जाडीचा, ७२ सेंटिमीटर उंचीचे चार, आणि पाय हलू नयेत म्हणून खाली इंग्रजी एच आकारात तीन आडवे तुकडे. या हिशेबानं अँगल साधारण सव्वाचार मीटर लागतो आणि पाइप पाच मीटरच्या आत. वजन म्हणाल तर दोन्ही मिळून बारा किलोच्या आसपास. लोखंड किलोवर विकलं जातं, तेव्हा त्या दिवसाचा दर गुणिले बारा करा, वाया जाणाऱ्या तुकड्यांचे थोडे धरा आणि त्यात मजुरी मिळवा. खर्चाचा अंदाज दुकानात जायच्या आधीच हातात येतो.

तिथं दोन गोष्टी आवर्जून सांगायच्या. एक, चौकट गुण्यात हवी. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण मोजून घ्यायचे, ते सारखे भरले तर चौकट काटकोनात आहे. दहा मिलिमीटरचा फरक असेल तर टाइल्सच्या सरळ रेषा आणि तिरकी चौकट रोज डोळ्यांत खुपेल. दुसरी, खालच्या आडव्या बाजूला चार कोपऱ्यांत सहा मिलिमीटरची भोकं पाडून घ्यायची. काळजी घेऊनही थोडं पाणी आत जाणारच. जे जाईल ते या भोकांतून खाली गळून जावं.

उभ्या कडेची उंची हा तर सगळ्या कामाचा कळीचा मुद्दा. २५ चा अँगल, त्यातली तीन मिलिमीटर तळाची जाडी गेली, आत उरली २२. बोर्ड १२ चा, वॉटरप्रूफिंगचा थर एकाचा, चिकटवणारा मसाला तीन आणि टाइल आठची. बेरीज २४. म्हणजे टाइल लोखंडी कडेच्या दोन मिलिमीटर वर राहते. हे असंच हवं. कड वर आणि टाइल खाली असं झालं की टेबलाची परात होते, पावसाचं पाणी साचतं आणि बाकीची सगळी मेहनत वाया. तुमची टाइल जाडीनं वेगळी असेल तर ही बेरीज पुन्हा मांडा.

वेल्डिंग झाल्यावर डाग घासून साफ करायचे, रेड ऑक्साइडचा हात द्यायचा आणि वर ऑइल पेंटचे दोन हात. हे सगळं टाइल्स बसवायच्या आधी, आतल्या बाजूलाही. नंतर त्या खाचेत ब्रश जात नाही. जीआय पाइप घेतला तर गंजाची काळजी कमी, पण वेल्डिंगच्या जागी जस्त जळतं आणि तेवढीच जागा उघडी पडते. तिथं जस्ताचा रंग लावायला विसरू नका. जस्ताचा तो पांढरा धूर छातीत जाणंही वाईट, म्हणून हे काम उघड्यावरच व्हावं.

खाली प्लाय की सिमेंट बोर्ड?

सिमेंट बोर्ड. काही ठिकाणी याला बायसन पॅनेल म्हणूनही मागतात. भिजला तरी प्लायसारखा फुगत नाही, उधई लागत नाही आणि टाइलचा मसाला त्याला नीट धरतो. प्लायच वापरायचं असेल तर मरीन प्लाय, ज्यावर आयएस ७१० असा शिक्का असतो. साधं कमर्शियल प्लाय किंवा एमडीएफ घरातल्या कपाटाला ठीक, अंगणात नको. आणि प्लायवर थेट वाळू-सिमेंटचा माल थापून टाइल बसवायची हा प्रकार तर अजिबात नको. प्लाय त्या मालातलं पाणी शोषून फुगतं, माल पाण्यावाचून कच्चा राहतो. दोघांचंही नुकसान.

कुणी म्हणेल, एवढं कशाला, सरळ कडप्पाच टाका की. म्हणणं चुकीचं नाही. स्वयंपाकघराचा ओटा कडप्प्यावरच उभा असतो आणि शहाबादी फरशीची बाकडी गावोगावी देवळांसमोर दिसतात. पण अख्खा दगड नवा विकत घ्यायला लागतो आणि तडकला की सगळाच बदलावा लागतो. टाइल्स घरात पडून आहेत, आणि एक फुटली तर एकच बदलायची.

बोर्ड चौकटीपेक्षा सगळ्या बाजूंनी दोन मिलिमीटर लहान कापा. खालून अँगलला भोकं पाडून स्क्रूनं आवळा. मग गच्चीला लावतात तसलं सिमेंट-पॉलिमरचं वॉटरप्रूफिंग ब्रशनं दोन हात. पहिला हात आडवा, तो वाळला की दुसरा उभा. बोर्डाच्या कापलेल्या कडांना मात्र बसवण्याआधीच भरपूर पाजा, कारण पाणी शिरतं ते कडेतूनच. टाइलच्या खाली असलेला हा मिलिमीटरभर थर कुणालाच दिसत नाही. टेबल टिकतं ते त्याच्या जिवावर.

आता टाइल्स

गोणीतून टाइल अॅढेजिव्ह आणा, साधं सिमेंट नको. आयएस १५४७७ या भारतीय मानकात अॅढेजिव्हचे टाइप ठरलेले आहेत आणि ते गोणीवर छापलेले असतात. टाइप १ घरातल्या साध्या सिरॅमिकसाठी. बाहेरच्या कामाला, व्हिट्रिफाइडला टाइप २ किंवा त्यापुढचा. व्हिट्रिफाइडची पाठ गुळगुळीत असते आणि ती पाणी शोषत नाही, त्यामुळं नुसत्या सिमेंटला तिच्यात पकड मिळत नाही. टाइल्स रात्रभर भिजत घालायची जुनी सवय साध्या सिमेंटच्या कामाची. अॅढेजिव्हला ओल्या पाण्यानं निथळणारी टाइल चालत नाही. ओल्या फडक्यानं धूळ पुसली की पुरे.

बऱ्याच ठिकाणी मिस्त्री टाइलच्या मागं पाच गोळे लावतो. चार कोपऱ्यांत चार, मधे एक. दाबली की बसली. काम झटपट होतं, दिसायलाही ठीक. पण गोळ्यांच्या मधे पोकळ्या राहतात. त्यात पाणी साचतं, आणि वरून नारळ फोडताना नेमका घाव पोकळीवर पडला की टाइल तडकते. मसाला सगळ्या बोर्डावर पसरायचा आणि दात्यांच्या थापीनं एकाच दिशेनं ओढायचा, म्हणजे नांगरल्यासारख्या सरळ सऱ्या पडतात. टाइल ठेवून थोडी आडवी सरकवली की सऱ्या मोडून मसाला सगळीकडं पसरतो. खात्री करायची तर पहिली टाइल लगेच उचलून बघा. पाठ सगळी भरलेली दिसली पाहिजे.

उन्हाळ्यात मसाल्यावर दहा-पंधरा मिनिटांत साय धरते आणि मग टाइल वरवर चिकटते, आतून नाही. म्हणून सकाळी किंवा संध्याकाळी, सावलीत काम करा आणि एका वेळी दोनच टाइल्सपुरता मसाला पसरा. दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने या कामाला सगळ्यात सोयीचे. पाऊस तोंडावर असताना उरकून टाकायला जाऊ नका.

टाइल कापायची वेळ आलीच तर पाणी मारत कापा. कोरड्या ग्राइंडरनं उडणारी ती पांढरी धूळ म्हणजे बारीक सिलिका. ती फुप्फुसात जाऊन बसली की बाहेर निघत नाही. वर्षानुवर्षं ती ओढणाऱ्या कामगारांना सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. तुम्हाला एकच टाइल कापायची असली तरी मास्क आणि चष्मा लावा, आणि मिस्त्री कापणार असेल तर त्यालाही द्या. सिमेंटच्या मसाल्यानं हात फाटतात, तेव्हा रबरी हातमोजेही हवेत.

चोवीस तास टेबलाला हात लावायचा नाही. मग स्पेसर काढून जॉइंट साफ करा आणि ग्राउट भरा. घट्ट कालवलेलं ग्राउट रबरी पट्टीनं तिरकं दाबत भरायचं, म्हणजे तळापर्यंत जातं. वीसेक मिनिटांनी ओल्या, पण पिळलेल्या स्पंजानं पुसायचं. स्पंज ठिबकत असेल तर ग्राउट पातळ होऊन पुढं भुसभुशीत पडतं. पांढऱ्या सिमेंटनंही जॉइंट भरतात, पण बाहेर ते लवकर काळं पडतं आणि झिजतं. हात थोडा सैल सोडता आला तर इपॉक्सी ग्राउट घ्यावं. ते पाणी पीत नाही आणि तांबड्या रश्श्याचा डागही धरत नाही. फक्त ते भराभर आवळतं, म्हणून थोडं थोडं कालवायचं.

चार बाजूंच्या त्या चार मिलिमीटरच्या फटीत मात्र ग्राउट भरायचं नाही. तिथं बाहेरच्या वापराचं सिलिकॉन सीलंट. ते रबरासारखं ताणतं आणि दबतं, त्यामुळं लोखंड आणि टाइलची रोजची खेचाखेची सोसतं. आधी ग्राउट पूर्ण वाळू द्या, फट कोरडी करा, दोन्ही बाजूंना कागदी टेप लावा, सिलिकॉन भरा, साबणाच्या पाण्यात बोट बुडवून बाहेरच्या बाजूला उतार देत फिरवा आणि टेप ओढून काढा.

शेवटचे सहा मिलिमीटर

तयार टेबलाचं वजन पस्तीस किलोच्या घरात जातं. उचलायला दोघं लागतील, आणि उचलताना टाइलला नाही तर चौकटीला धरायचं. वाऱ्यानं ते हलणार नाही ही जमेची बाजू.

जागेवर ठेवलं की लोक लेव्हल लावून ते अगदी सपाट करतात. इथंच थांबायचं. गच्चीला उतार देतात तसा टेबलालाही द्यायचा, साधारण शंभराला एक. दोन फूट रुंदीला सहा मिलिमीटर. भिंतीकडच्या दोन पायांखाली तेवढ्या जाडीच्या रबराच्या चकत्या ठेवल्या की झालं. चहाचा ग्लास सरकत नाही, जेवताना जाणवतही नाही, पण पाऊस थांबला की पाणी भिंतीपासून लांब, पुढच्या कडेनं उतरून जातं. पाइपच्या तोंडाला रबरी बुचं बसवलीत तर बुचाजवळ एक बारीक भोक ठेवा. पाइपच्या आत दमट हवेचं पाणी होतं आणि कोंडलं की लोखंड आतून खातं.

देखभाल फारशी नाही. फरशी पुसायचं अॅसिड या टेबलावर ओतू नका, ते टाइलचं काही बिघडवत नसलं तरी सिमेंटचं ग्राउट खाऊन टाकतं. साबणाचं पाणी पुरे. पायांवर गंजाचा ठिपका दिसला की लगेच घासून रंगाचा हात द्या.

आणि दर वर्षी दिवाळीची साफसफाई काढाल तेव्हा एक रुपयाचं नाणं घेऊन प्रत्येक टाइलवर चार-पाच ठिकाणी टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर सगळं ठीक. बद्द आवाज आला तर तिथं मसाला सुटलाय आणि खाली पाणी पोहोचलंय. त्या टाइलभोवतीचं ग्राउट खरवडून काढा, टाइल उचला, खालची जागा चांगले दोन दिवस उन्हात वाळवा, वॉटरप्रूफिंगचा हात द्या आणि पुन्हा बसवा. काढताना ती फुटायची शक्यता मोठी असते. म्हणून टाकीमागच्या बॉक्समधल्या आठही टाइल्स टेबलाला लावायच्या नाहीत. सहाच लावायच्या, दोन तिथंच ठेवायच्या.